व्रताचा शब्द आणि पोटाची साक्ष : गांधींच्या आहारलेखनातील एक सूत्र

गांधींच्या आहारविषयक लेखनाकडे वाङ्मयाभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. राजकीय चरित्राच्या कडेला पडलेला एक छंद, अशीच त्याची सर्वसाधारण नोंद होते. वस्तुतः 1913 ते 1942 या तीन दशकांत गांधींनी एकाच विषयावरील आपली संहिता पुन्हा पुन्हा दुरुस्त केली, आणि प्रत्येक दुरुस्तीमागे एखाद्या सिद्धान्तापेक्षा त्यांचे स्वतःचे दुखरे पोट अधिक ठळकपणे उभे होते. वनस्पतिजन्य आहार हा त्यांच्यासाठी नैतिक आग्रह होता. तो पचनाला मानवतो की नाही, हा प्रश्न मात्र शरीराने विचारला, आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे सत्याच्या उपासकाला परवडणारे नव्हते.

या लेखनाचा आरंभ दक्षिण आफ्रिकेत झाला. तेथील वास्तव्यात गांधींना मलावरोधाचा आणि डोकेदुखीचा त्रास होता. सकाळची न्याहारी सोडल्यावर डोकेदुखी थांबली, पण मलावरोध राहिला. कुन्हे यांचे कटिस्नान आणि जुस्ट यांचे मातीचे उपचार त्यांनी केले. जुस्ट यांच्याच पुस्तकात ताजी फळे आणि कवचफळे हा मनुष्याचा नैसर्गिक आहार असल्याचे प्रतिपादन होते. लंडनमधील विद्यार्थिदशेत हेन्री सॉल्ट यांच्या 1886 च्या पुस्तिकेने शाकाहाराचा जो बौद्धिक स्वीकार घडवला होता, त्याला आता शारीरिक प्रयोगाची जोड मिळाली. 1912 मध्ये टॉलस्टॉय फार्मवर हर्मन कॅलनबाख यांच्यासह गांधींनी दूध सोडले. यामागे ब्रह्मचर्याचा विचार होता, तसाच कलकत्त्याकडून आलेल्या साहित्यात वर्णिलेला, अधिक दुधासाठी गाईम्हशींवर होणारा ‘फूका’ हा क्रूर प्रकारही होता. पुढच्याच वर्षी ‘इंडियन ओपिनियन’मधून ‘आरोग्य विषे सामान्य ज्ञान’ ही गुजराती लेखमाला प्रसिद्ध झाली. तिच्यात फलाहाराची बाजू ठामपणे मांडलेली असून दुधाला आहारात स्थान नाही. 1921 मध्ये ए. रामा अय्यर यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर मद्रासहून निघाले. आपल्या लेखनांपैकी हीच पुस्तिका पूर्वेत आणि पश्चिमेत सर्वाधिक वाचली गेली, असे गांधींनी पुढे आत्मकथेत नमूद केले आहे. त्या नोंदीत समाधानापेक्षा चिंताच अधिक जाणवते, कारण भाषांतर निघाले तेव्हा मूळ लेखक स्वतः दूध घेऊ लागला होता.

मधल्या काळात 1918 साल येऊन गेले होते. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधींचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू असा होता. पोट किंचित बिघडलेले असतानाच आश्रमात सणाचा दिवस उजाडला. कस्तुरबांनी त्यांच्यासाठी तुपाऐवजी तेलात केलेली गव्हाची गोड लापशी आणि वाडगाभर मूग पुढे ठेवले. थोडेसेच खायचे असे ठरवूनही गांधींनी पोटभर खाल्ले, आणि तासाभरातच आमांशाने उग्र रूप धारण केले. नडियादला पोहोचल्यावर दिवसाला तीसचाळीस वेळा शौचास जावे लागले. आत्मकथेतील या प्रसंगाचे निवेदन मुळातून वाचण्यासारखे आहे. कारण तेथे रोगाचे निदान वैद्यकीय नसून नैतिक आहे. अपराधी ठरते ती जीभ. आजचे वैद्यक आमांशाचे कारण शिगेला जीवाणूत किंवा अमीबात शोधते. लापशी आणि मूग, विशेषतः आधीच दुखावलेल्या आतड्याला, त्रासाचे निमित्त होऊ शकतात, मूळ कारण नव्हे. परंतु आत्मकथा या वाङ्मयप्रकाराला जीवाणू नायक म्हणून चालत नाही. तेथे दोष ‘मी’कडेच यावा लागतो.

दुखणे लांबले. हवापालटासाठी गांधींना माथेरानला नेले, पण तेथील जड पाणी मानवले नाही आणि गुदद्वाराशी चिरा पडून वेदना असह्य झाल्या. मुंबईत डॉ. दलाल यांनी जानेवारी 1919 मध्ये मूळव्याधीची शस्त्रक्रिया केली आणि दूध घेतल्याखेरीज शरीर भरून येणार नाही असे बजावले. गांधींनी व्रताची अडचण सांगितली. तेव्हा जवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी प्रश्न उपस्थित केला तो असा की, व्रत गाईम्हशीच्या दुधाचे असेल तर शेळीच्या दुधाला हरकत कोणती?

हा प्रश्न घरगुती भाषेत विचारला गेला असला तरी तो मीमांसेचा आहे. व्रतवाक्यातील ‘दूध’ या शब्दाचा अर्थ उच्चारसमयी मनात असलेल्या प्राण्यांपुरता घ्यायचा की दुग्धमात्राला लागू करायचा? गांधींनी शेळीचे दूध घेतले, आणि व्रताचे अक्षर पाळून त्याचा आत्मा आपण मारला, अशी कबुली दिली. जगण्याची इच्छा सत्यनिष्ठेपेक्षा बलवत्तर ठरली, हे त्यांनी लपवले नाही. आप्पा पटवर्धनांच्या मराठी अनुवादामुळे हा प्रसंग मराठी वाचकांना चांगलाच परिचित आहे. मात्र त्याचे वाचन बहुधा चमत्कृतीच्या अंगाने होते. शेळी तेवढी लक्षात राहते, अर्थनिर्णयाचा पेच विसरला जातो.

आत्मकथेतच (ती ‘नवजीवन’मधून 1925 ते 1929 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली) त्यांनी जुन्या पुस्तिकेच्या वाचकांना सावध केले. ज्यांनी तिच्या आधारे दूध सोडले असेल त्यांनी सर्व बाजूंनी लाभ होत असल्याखेरीज किंवा अनुभवी वैद्याचा सल्ला असल्याखेरीज तो प्रयोग चालू ठेवू नये. पचनशक्ती दुबळी असलेल्यांसाठी दुधासारखे हलके आणि पोषक अन्न आपल्याला सापडलेले नाही, असेही त्यांनी लिहिले. आपल्याच लोकप्रिय ग्रंथाला लेखकाने अशी जाहीर दुरुस्ती जोडल्याची उदाहरणे फार नाहीत. तरीही 1929 मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग त्यांनी केलाच, आणि तोही प्रकृतीने मोडून काढला.

याच सुमारास निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन भारतातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना घालून पाहत होते. सबंध गव्हाची रोटी, दूध, डाळ आणि भाज्या असलेल्या शीख आहारावर उंदीर उत्तम वाढले. दक्षिणेकडील गरिबांच्या भाताच्या आणि टॅपिओकाच्या आहारावर मात्र जठरातील आणि आद्यांत्रातील व्रण आढळले. दोन्ही आहारांचा पाया वनस्पतीच होती, हे येथे महत्त्वाचे. पुढे 1982 मध्ये मार्शल आणि वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू प्रकाशात आणल्यावर व्रणाची मीमांसाच बदलली. परंतु ‘वनस्पतिजन्य’ हे एकच विशेषण पॉलिशच्या तांदळाला आणि पालेभाजीला सारखेच लावता येत नाही, हा कुन्नूरचा धडा त्यामुळे रद्द झाला नाही.

1942 च्या ऑगस्ट ते डिसेंबर या काळात पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत गांधींनी ‘आरोग्यनी चावी’ लिहिली. जुन्या पुस्तिकेचा आवेश येथे ओसरलेला आहे. बैठे काम करणाऱ्या माणसासाठी दिलेल्या दैनिक परिमाणात 2 पौंड दूध आणि 6 औंस धान्य आहे. भाजीचा वाटा पालेभाजी 3, इतर भाज्या 5 आणि कच्ची भाजी 1 औंस असा आहे. म्हणजे भाजी सुमारे 255 ग्रॅम, तर दूध 900 ग्रॅमच्या वर. फळे ऐपतीप्रमाणे. जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढांसाठी रोज किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या आणि 25 ग्रॅम नैसर्गिक तंतू सुचवते. त्या मापाने शाकाहाराच्या या सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्त्याचे ताट दुधाकडे झुकलेलेच दिसते. कोंडा काढू नये, हा त्यांचा आग्रह मात्र काळाच्या पुढे होता. बर्किट आणि ट्रॉवेल यांनी 1970 च्या दशकात आहारातील तंतूंना वैद्यकीय प्रतिष्ठा मिळवून दिली. मराठीत त्यासाठी ‘चोथा’ हा शब्द आला, जो एरवी टाकून देण्याच्या वस्तूसाठीच वापरला जातो.

‘आरोग्यनी चावी’त दुधाला वनस्पतीतून पर्याय सापडेल, अशी आशा गांधींनी व्यक्त केली आहे. ते गेले त्याच वर्षी, 1948 मध्ये, ब12 हे जीवनसत्त्व विलग करण्यात यश आले. ते वनस्पतींत जवळपास नसते, दुधात असते, आणि ते शोषले जाण्यासाठी जठरातून स्रवणारा एक घटक लागतो. उतारवयात किंवा जठराच्या अस्तराची झीज झाल्यावर हे शोषण मंदावते. आज हे जीवनसत्त्व जीवाणूंच्या किण्वनातून, दुधावाचून तयार होते.