‘सोलो’ नेमका कुणाचा? स्लॅशची गिटार आणि मिरजेचा तंबोरा

१७ मे २०२४ रोजी स्लॅशचा नवा सोलो अल्बम आला. गन्स एन’ रोझेसचा हा गिटारवादक तेव्हा ५८ वर्षांचा होता. अल्बमचं नाव ‘ऑर्जी ऑफ द डॅम्ड’. बारा गाणी, त्यातली बहुतेक जुनी ब्लूज किंवा ब्लूजच्या वळणाची. हार्ड रॉकमध्ये आयुष्य घालवलेला माणूस साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा त्या संगीताच्या मुळाकडे गेला, अशीच बहुतेकांनी त्याची ओळख करून दिली.

त्याआधी काही आठवडे मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी येऊन गेली होती. मिरजेच्या सतारीला आणि मिरजेच्याच तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सांगली-मिरजेत पेढे वाटले गेले. बाकी महाराष्ट्रानं बातमी वाचली आणि पुढचं पान उलटलं.

लॉस एंजेलिस आणि मिरज या दोन गावांचा तसा काही संबंध नाही. पण या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की एक प्रश्न पडतो. आपण ज्याला ‘सोलो’ म्हणतो, म्हणजे एकट्याची रेकॉर्ड, एकट्याचं नाव, तो आवाज खरोखर एकट्याचा असतो का?

दुसऱ्याच्या नावाची गिटार

सुरुवात स्लॅशपासूनच करू. गन्स एन’ रोझेसचा पहिला अल्बम ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ जुलै १९८७ मध्ये आला. ‘स्वीट चाइल्ड ओ’ माइन’ची सुरुवातीची धून ज्याला माहीत नाही असा गिटार शिकणारा पोरगा आजही सापडणार नाही, मग तो साताऱ्याच्या राजवाड्यापाशी राहणारा असो की पुण्याच्या कोथरूडमध्ये. तो आवाज गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारचा आहे, अशीच बहुतेकांची समजूत असते. गिटारच्या डोक्यावर नावही गिब्सनचंच होतं.

पण ती गिब्सननं बनवलेलीच नव्हती. बँड रेकॉर्डिंगला निघाला तेव्हा स्लॅशकडे मनासारखी गिटार नव्हती. मॅनेजर ॲलन निव्हन यानं त्याला एक गिटार आणून दिली. ती क्रिस डेरिग नावाच्या कारागिरानं १९५९ च्या लेस पॉलबरहुकूम हातानं घडवलेली नक्कल होती. त्या नकलेनं एका पिढीचा गिटारचा आवाज ठरवला. डेरिगला ते बघायला मिळालं नाही. कॅन्सरनं तो १९८७ मध्येच गेला, तेव्हा तो जेमतेम तिशीत होता.

पुढे २०१० मध्ये गिब्सननं ‘ॲपेटाइट’ या नावानं स्लॅशची खास गिटार बाजारात आणली. तिचा नमुना कोणता? तर डेरिगची तीच गिटार. म्हणजे मूळ कंपनीनं आपल्या नकलेची नक्कल करून विकली. डेरिगचं नाव आज गिटारवेड्यांना माहीत आहे, कारण पत्रकारांनी आणि चाहत्यांनी ते खणून काढलं. रेकॉर्डच्या वेष्टणावरून ते कुणाला कळलं नसतं.

तलवारीला धार लावणारे हात

आता मिरजेला येऊ. इथली गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि ती संगीतापासून नव्हे, शस्त्रांपासून सुरू होते. तलवारी, भाले, जंबिये यांना धार लावून चकचकीत करणारे ते शिकलगार. १८१८ मध्ये पेशवाई गेली. १८४८ मध्ये डलहौसीच्या कारभारात साताऱ्याचं छत्रपतींचं राज्यही खालसा झालं. फौजा आटल्या तशी हत्यारांची मागणी आटली. धार लावायची तर कशाला?

मिरजेतल्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी १८५० च्या सुमारास वाद्यं दुरुस्त करायला आणि मग बनवायला सुरुवात केली, असं त्यांच्या घराण्यात आणि गावात सांगितलं जातं. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान, गवयांना आश्रय देणारं. उत्तरेतून येणाऱ्या वाद्यांवर अवलंबून राहण्यापेक्षा वाद्य इथंच झालं तर हवंच होतं. हत्याराची धार ओळखणारी बोटं तारेचा सूर ओळखायला शिकली. घराण्याचं आडनावच पुढे ‘सतारमेकर’ झालं.

तंबोरा कसा होतो हे थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा, मुद्दाम वाद्यासाठी पिकवलेला असतो. तो येतो सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून. तो वाळवायचा, आतून साफ करायचा, भिजवून त्याला आकार द्यायचा. दांडी, गळा आणि वरची तबली लाकडाची, बहुतेक तूनाची. मग कोरीवकाम, लाखेचं पॉलिश, खुंट्या, मणी, घोडी. भोपळ्याचा वेल नदीकाठी, लाकूड लांबच्या जंगलातलं, कारागीर मिरजेत आणि वाजवणारा जगात कुठंही. एका तंबोऱ्यामागे इतकी माणसं असतात.

गुंजन आणि गुरगुर

या सगळ्यात अवघड काम शेवटचं, जवारी काढण्याचं. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार थरथरताना त्या उताराला घासत जाते. तार आणि घोडी यांच्या मध्ये एक बारीक दोरा सरकवतात. तो बरोबर जागी बसला की तार एकदम ‘उघडते’ आणि एका तारेतून अनेक सूर ऐकू येऊ लागतात. कानस किंचित जास्त फिरली तर आवाज बसतो. म्हणून जवारी काढणारा माणूस हातापेक्षा कानानं काम करतो.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांना या घोडीनं कोड्यात टाकलं होतं. तार ज्या जागी छेडावी तिथं शांत असणारे उपस्वर तारेच्या आवाजात येऊ नयेत, असा युरोपीय पदार्थविज्ञानातला नियम होता. तंबोऱ्यात आणि वीणेत ते खणखणीत ऐकू येत होते. रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला आणि याचं कारण त्या घोडीच्या घडणीत आहे हे दाखवलं. नोबेल मिळायला तेव्हा अजून नऊ वर्षं होती.

रॉकनं हेच वेगळ्या वाटेनं शोधलं. १९६१ च्या सुमारास नॅशव्हिलच्या एका रेकॉर्डिंगमध्ये मिक्सरचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या वाद्याचा आवाज खरखरीत झाला. ती खरखर लोकांना आवडली. १९६४ मध्ये किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसनं आपल्या स्पीकरचा पडदाच ब्लेडनं फाडला. त्यातून फझ, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आलं. हार्ड रॉकची ती गुरगुर म्हणजे मूळ सुरात नसलेल्या उपस्वरांची भर. तिथं ती ॲम्प्लिफायरमधून येते, इथं हाडाच्या घोडीवरून. यंत्रणा वेगळी आहे, ओढ एकच: नुसता स्वच्छ सूर माणसाला पुरत नाही, त्याला भरलेला सूर हवा असतो. फरक एवढाच की अमेरिकेत तो अपघातानं सापडला आणि मिरजेत तो पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम, कानशीनं घासून घडवला जात होता.

साठीतल्या गवयाची रेकॉर्ड

मिरजेलाही एक ज्येष्ठ कलावंत होता, ज्यानं उतारवयात पुन्हा रेकॉर्डिंग केलं. उस्ताद अब्दुल करीम खाँ. जन्म १८७२ चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. त्या गावावरूनच घराण्याला ‘किराणा’ नाव पडलं. बडोद्याच्या दरबारात ते गायले, पुण्यात १९१३ मध्ये त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं आणि राहिले मिरजेत. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सरस्वतीबाई राणे ही त्यांची मुलं.

खाँसाहेबांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९०५ च्या सुमाराच्या, तिशीतल्या. नंतर १९३० च्या दशकात, साठीत, त्यांनी ओडियन कंपनीसाठी गाऊन ठेवलं. आज आपण जे अब्दुल करीम खाँ ऐकतो ते मुख्यतः हे दुसरे. झिंझोटीतली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ याच ठेव्यातली. मैफलीत तासभर राग मांडणाऱ्या माणसाला तव्याच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची. त्यांनी घाई केली नाही. एकेका सुराला वेळ दिला आणि बाकीचं सोडून दिलं. ही ठुमरीची रेकॉर्ड ऐकून गदगमधला भीमसेन नावाचा शाळकरी मुलगा गाण्यासाठी घर सोडून निघाला, ही गोष्ट भीमसेन जोशी स्वतः सांगत.

या रेकॉर्डवर खाँसाहेबांचा सूर इतका नेमका का लागतो? एक उत्तर त्यांच्या साधनेत आहे आणि एक त्यांच्या तंबोऱ्यात. वाद्यं जुळवण्यात आणि दुरुस्त करण्यातही ते तरबेज होते. सुराची नेमकी जागा कोणती, हा प्रश्न तेव्हा याच परिसरात गाजत होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुती मोजण्याच्या मागे लागले होते. त्यांचं पुस्तक १९१० मध्ये आलं आणि त्या कामात प्रत्यक्ष गाऊन दाखवणारे होते अब्दुल करीम खाँ. आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स देवलांना येऊन मिळाले आणि १९११ मध्ये साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ उभी राहिली. त्यांनी लंडनहून खास श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली. ती टिकली नाही. गवई सूर मोजायला तंबोऱ्याकडेच परतले.

या हार्मोनियमचा इतिहास पुस्तकांत नोंदला गेला, कारण ती करवून घेणारे लिहिणारे होते. पण खाँसाहेबांच्या मागे गुंजणाऱ्या तंबोऱ्यांची जवारी कुणी काढली, हे त्या तव्यांवर कुठंच नाही. लेबलवर गायकाचं नाव, राग आणि क्रमांक. साथीदारांची नावंसुद्धा बहुधा नसत, मग वाद्य बनवणाऱ्याचं कुठून येणार?

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमाळकोईल या छोट्या स्टेशनवर ते उतरले. तंबोरा जुळवून ते गात बसले आणि तिथंच गेले, असं त्यांचे शिष्य सांगत. त्यांची कबर मिरजेत मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दरवर्षी उरुसाला तिथं गवई येऊन हजेरी लावतात.

फोनमधला तंबोरा

आज गाणं शिकणाऱ्या बहुतेकांचा पहिला तंबोरा फोनमध्ये असतो. त्यात वाईट काही नाही. दीड खोलीच्या घरात साडेचार फुटी वाद्य कुठं ठेवायचं? पण एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज साधारण सेकंदाला सत्तर कंपनांचा. फोनचा इवलासा स्पीकर तो सूर नीट काढूच शकत नाही. तरीही आपल्याला खर्ज ऐकल्यासारखा वाटतो, कारण वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा सूर स्वतः भरून घेतो. ते उपस्वर देते जवारी. म्हणजे ॲपमधल्या ज्या आवाजावर तुम्ही रियाज करता, त्यात कुठल्या तरी कारागिराच्या कानशीचं काम जसंच्या तसं शिल्लक असतं. त्याला त्याचा एक रुपयाही मिळत नाही.

मानांकनानं यातलं काय बदलतं? सतारीचं मानांकन मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरच्या नावे आहे, तंबोऱ्याचं सोलट्यून या कारागिरांच्या उत्पादक कंपनीच्या. आता दुसरीकडे बनवलेलं वाद्य ‘मिरजेचं’ म्हणून विकता येणार नाही. डेरिगच्या गिटारवर दुसऱ्याचं नाव होतं. निदान ते मिरजेच्या बाबतीत होऊ नये, याची कायदेशीर सोय झाली. पण मानांकन गावाचं नाव राखतं. मुलगा किंवा मुलगी या धंद्यात राहील का, हे ते ठरवत नाही. ते ठरतं मजुरीवर, महिन्याला किती वाद्यं जातात यावर आणि त्या कामाला किती मान आहे यावर. जवारीचं काम पुस्तकातून शिकता येत नाही. एक पिढी उठून दुसऱ्या नोकरीला गेली की ते संपतं, मग प्रमाणपत्र भिंतीवर असलं तरी.

यात आपल्याला करता येण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. तुम्ही गात असाल, वाजवत असाल, युट्यूबवर व्हिडिओ टाकत असाल, तर खालच्या वर्णनात तबलजीच्या नावाशेजारी आणखी एक ओळ घाला: तंबोरा कुणी बनवला, जवारी कुणी काढली. गिटार असेल तर ती कुणी सेट केली. नाव ठाऊक नसेल तर जिथून वाद्य आणलं तिथं फोन करून विचारा. दुकानदाराला ते माहीत असतं, आजवर त्याला कुणी विचारलेलं नसतं इतकंच.