रॅमपट्टीची खाच

संगणकात बसवावयाची रॅमची पट्टी हातात घेऊन पाहिली असता तिच्या सोनेरी पिनांच्या रांगेत एक लहानशी खाच आढळते. ही खाच बरोबर मध्यावर नसते, किंचित एका बाजूस सरकलेली असते. आणि मदरबोर्डावरील स्लॉटात तिच्या जोडीचा एक उंचवटा असतो. दोहोंचे जुळले तर पट्टी बसते, नाही तर बसत नाही. उलटी पट्टी बसू नये म्हणून केलेली ही सोय, असा तिचा अर्थ सामान्यतः केला जातो. तो खोटा नव्हे, परंतु अपुरा आहे. दर पिढीस ही खाच जागा का बदलते, आणि ती कोठे असावी हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांच्या पोटात पुष्कळ वर्षांचे व्यापारी राजकारण दडलेले आहे. शेतातील बांध पाहून जाणत्या माणसास जुन्या तंट्याचा माग काढता यावा, तसे या खाचेचे आहे. लॅमिंग्टन रोडवर जाऊन आपला संगणक सुटे भाग घेऊन जुळविणारे गृहस्थ आपल्यात आता पुष्कळ झाले आहेत. दुकानदार ज्यास ‘कंपॅटिबल’ म्हणतो ते नेमके काय असते, हे त्यांस या वृत्तांतावरून कळेल अशी आम्हास आशा आहे.

पट्टी ही वस्तू मुळात नव्हतीच. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या स्मृतिकोशाचे पेटंट मिळाले, त्यात एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर एवढाच संसार होता. कपॅसिटरातील विद्युत्भार गळून जातो, म्हणून तो सेकंदातून कितीतरी वेळा पुन्हा भरावा लागतो. गळक्या रांजणात सारखे पाणी ओतीत राहावे, तसा हा प्रकार आहे. पण रांजण इतका स्वस्त की ओतण्याचे श्रम परवडतात. १९७० साली इंटेलने ११०३ नावाची चिप बाजारात आणली आणि चुंबकीय कड्यांची जुनी स्मृती हळूहळू मागे पडली. तरीही १९८१ च्या आयबीएम पीसीत स्मृती वाढवावयाची म्हणजे एकेक चिप तिच्या बारीक पायांनिशी सॉकेटात दाबून बसवावी लागे. एखादा पाय वाकला की सारा खटाटोप व्यर्थ.

हा त्रास वाँग लॅबोरेटरीज या अमेरिकन कंपनीने १९८३ च्या सुमारास दूर केला. चिपा एका लहान पट्टीवर डकवून पट्टीच बसवावी, ही ती युक्ती. तिला ‘सिम’ म्हणत. तीस पिनांची सिम एका वेळी आठ बिट देई. ज्या संगणकाचा प्रोसेसर बत्तीस बिट मागे, त्यात चार सारख्या पट्ट्या एकदम घालाव्या लागत. तीन घालून भागत नसे. पुढे बहात्तर पिनांची सिम आली, ती बत्तीस बिटांची. पण पेंटियमने चौसष्ट मागितले, म्हणून पुन्हा जोडी आलीच. १६८ पिनांच्या ‘डिम’ने चौसष्ट बिट एकटीने पुरविले, तेव्हा कोठे हा सक्तीचा जोडीदार सुटला. आजही दुकानदार दोन पट्ट्यांचा संच देतो, परंतु तो दोन मार्गांनी एकदम वाहतूक होऊन गती वाढावी म्हणून. एकच घातली तर संगणक मंद चालेल, बंद पडणार नाही.

वाँगचे एक कृत्य मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपली सिम सर्वांनी स्वीकारावी म्हणून या कंपनीने इतर कारखानदारांस ती बनविण्याची गळ घातली, जेडेक या संस्थेपुढेही ती मांडली, आणि पाठीमागून पेटंट घेऊन त्याच कारखानदारांवर दावे लावले. मित्सुबिशीविरुद्धच्या दाव्यात १९९७ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने असा निर्णय दिला की, ज्याने स्वतःच बनवा म्हणून आग्रह केला त्याने परवानगी दिल्यासारखेच आहे.

जेडेक म्हणजे कोण, हे सांगितल्यावाचून पुढील कथा समजणार नाही. १९५८ साली याच नावाने स्थापन झालेले हे कारखानदारांचे मंडळ आहे. बाजारात एकमेकांचा गळा धरणारे प्रतिस्पर्धी येथे एका टेबलाभोवती बसून पिना किती, व्होल्टेज किती, खाच कोठे, हे ठरवितात. पूर्वी एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळत नसे आणि त्या फरकावर व्यापारी गबर होत. जेडेक नसते तर रॅमच्या बाजारात हेच घडले असते. या मंडळाच्या सभांना १९९१ च्या डिसेंबरापासून एका लहान कंपनीचे प्रतिनिधी येऊ लागले. कंपनीचे नाव रॅम्बस. १९९० साली माइक फार्मवाल्ड व मार्क होरोविट्झ या दोघा विद्वान गृहस्थांनी ती काढली होती. तिचा स्वतःचा कारखाना नव्हता. तिचे भांडवल म्हणजे कल्पना, आणि १९९० च्या एप्रिलात दाखल केलेला एक पेटंट-अर्ज. १९९६ साली तिने मंडळ सोडले. पुढे त्या मूळ अर्जाच्याच शाखा काढून तिने असे हक्क मिळविले की, मंडळाने सर्वसंमतीने ठरविलेल्या रॅमवरही आपणास कर द्यावा, असे तिला म्हणता आले.

१९९६ च्या अखेरीस इंटेलने रॅम्बसचा हात धरला, आणि पुढील संगणकांत आरडीरॅम या नव्या जातीची स्मृती असेल असे जाहीर केले. आरडीरॅमची कल्पना बुद्धिमान होती, हे मान्य केले पाहिजे. रुंद व सावकाश रस्त्याऐवजी अरुंद परंतु भरधाव रस्ता, असे तिचे तत्त्व. पण तिची पट्टी महाग, आणि रिकामा स्लॉट तिला चालत नसे. संकेत एका पट्टीतून दुसरीत साखळीने जात, म्हणून मोकळ्या जागी स्मृती नसलेली पोकळ पट्टी घालून साखळी पुरी करावी लागे. १९९९ च्या सप्टेंबरात इंटेलचा ८२० चिपसेट ऐन मुहूर्तावर थांबवावा लागला. तीन स्लॉट असले की स्मृतीत चुका होत, म्हणून दोनच ठेवून तो नोव्हेंबरात निघाला. महागाईवर उपाय म्हणून जुनी एसडीरॅम त्याच चिपसेटावर चालविणारा एक दुभाषी भाग जोडण्यात आला होता. तोही सदोष निघाला, आणि २००० च्या मे महिन्यात इंटेलवर ते मदरबोर्ड परत घेऊन बदलून देण्याची पाळी आली. पुढच्याच महिन्यात जेडेकने डीडीआरचे प्रमाणपत्रक प्रसिद्ध केले. ही रॅम जुन्याच मार्गाने चालणारी, स्वस्त, व फेऱ्याच्या दोन्ही कडांवर माल वाहणारी होती. २००२ च्या आरंभी खुद्द इंटेलने पेंटियम ४ करिता डीडीआर पत्करली. लढाई संपली.

लढाई संपली तरी दावे संपले नाहीत. रॅम्बसने २००० साली इन्फिनिऑनवर दावा केला. २००१ मध्ये ज्यूरीने उलट रॅम्बसलाच फसवणुकीबद्दल दोषी धरले. २००३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरविला, आणि सभासदांनी पेटंटे उघड करावीत हा जेडेकचा नियमच किती मोघम होता ते दाखविले. अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाने २००६ साली रॅम्बसविरुद्ध निर्णय दिला, तोही २००८ साली न्यायालयात टिकला नाही. मग दुसरा पक्ष तरी स्वच्छ होता काय? इन्फिनिऑनने २००४ साली, तर हायनिक्स व सॅमसंग यांनी २००५ साली, आपण संगनमताने रॅमचे भाव ठरविल्याचे कबूल केले. एकट्या सॅमसंगचा दंड तीस कोटी डॉलर होता. आमच्या मते रॅम्बसचे वर्तन कायद्यात बसले तरी सभ्यतेत बसत नाही. परंतु तिच्या विरोधकांस साधुत्वाचे प्रमाणपत्र देण्यास आम्ही धजत नाही. गिऱ्हाइकाचे हित झाले ते कोणाच्या सद्भावाने नव्हे, तर खाच कोठे असावी हे एकट्या कोणाच्या हाती राहिले नाही म्हणून.

या भांडणाचा एक अवशेष अद्याप प्रत्येक पट्टीवर छापलेला असतो. आरडीरॅमवर ‘पीसी८००’ असे लिहीत, तो गतीचा आकडा. डीडीआरवाल्यांनी दर सेकंदास वाहिल्या जाणाऱ्या मालाचा आकडा घातला, म्हणून त्यांची सर्वांत मंद पट्टीही ‘पीसी१६००’ झाली. वास्तविक दोहोंची वहनशक्ती एकच. एकीची वाट दोन बाइट रुंद, दुसरीची आठ. पण आठशेपेक्षा सोळाशे मोठे दिसतात! आज डीडीआर४-३२०० या पट्टीवर पीसी४-२५६०० असेही लिहिलेले असते आणि ग्राहक गोंधळतो, त्याचे मूळ येथे आहे.

डीडीआरनंतर २००३, २००७, २०१२ व २०२० या वर्षी पुढील चार पिढ्यांची प्रमाणे निघाली. व्होल्टेज २.५ वरून १.८, १.५, १.२ व १.१ असे उतरत गेले. डीडीआर२ व डीडीआर३ दोहोंच्या पिना २४०, डीडीआर४ व डीडीआर५ दोहोंच्या २८८. पिना सारख्या, लांबीही सारखी. चुकीच्या व्होल्टेजच्या घरात पाऊल पडू नये म्हणून आडवी येते ती केवळ खाच. मात्र खाच सर्व काही सांगत नाही. सर्व्हरसाठी केलेली रजिस्टर्ड डीडीआर४ पट्टी घरच्या बोर्डात निमूट बसते आणि संगणक सुरू होत नाही. स्वस्त मिळते म्हणून ती घेणारे फसतात. डीडीआर५ मध्ये त्या जातीस खाचही निराळी दिली आहे. तसेच पट्टीवरील ६००० हा आकडा बहुधा जेडेकचा नसून विक्रेत्याचा असतो. पट्टीवरील एका बारीक चिपेत तिची कुंडली लिहिलेली असते, आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो हा पर्याय निवडीपर्यंत ती ४८०० सारख्या प्रमाणगतीनेच चालते. चार पट्ट्या भरल्या तर तेवढीही गती मिळेल असे नाही. म्हणून हवी तेवढी स्मृती दोनच पट्ट्यांत घ्यावी. बोर्ड-कारखानदाराने तपासलेल्या पट्ट्यांची यादी दिलेली असते, तीही पाहावी.

आकड्यांच्या मोहाविषयी आणखी एक गोष्ट. मागणी केल्यापासून पहिला शब्द हाती येईपर्यंतचा काळ ‘कॅस लेटन्सी’वरून काढतात. डीडीआर-४०० ची लेटन्सी २, डीडीआर४-३२०० ची १६, डीडीआर५-६००० ची ३० घेतली, तर तिन्हींचा काळ दहा नॅनोसेकंदच येतो. माल वाहण्याची शक्ती पंधरा पट झाली. दारावरची वाट पाहणे तेवढेच राहिले.

अलीकडे या खाचेवाचूनच चालणारी एक पट्टी निघाली आहे. ती उभी न खोचता बोर्डावर आडवी ठेवून स्क्रूने आवळतात. मूळ रचना डेल कंपनीची. तिने ती जेडेकपुढे मांडली, आणि २०२३ च्या डिसेंबरात ‘कॅम२’ या नावाने तिचे प्रमाण प्रसिद्ध झाले. लॅपटॉपसाठी योजलेल्या या पट्टीचे डेस्कटॉप-बोर्डावरील नमुने २०२४ साली प्रदर्शनांत मांडले गेले.