सात संघांचे साटेलोटे

सन 2025 च्या जुलैच्या 6 तारखेस एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेच्या दफ्तरात ज्या कराराची नोंद झाली, त्यान्वये केव्हिन ड्युरंट हा विख्यात खेळाडू फिनिक्सच्या संघाकडून ह्यूस्टनच्या संघाकडे गेला. परंतु त्या एका देवघेवीच्या निमित्ताने खेळाडूंची आणि नवे खेळाडू घेण्याच्या भावी निवडहक्कांची जी अदलाबदल झाली तीत एकंदर सात संघ गुंतले होते, आणि इतक्या संघांचा एकत्रित सौदा एनबीएच्या इतिहासात त्यापूर्वी झालेला नव्हता. कारधा येथे वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला ही हकीकत वाचून साटेलोट्याची आठवण होणे साहजिक आहे. मात्र हे साम्य वरवरचे नसून दोहोंचे कूळच एक आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्यावरून पूर्वेस जाणारा हमरस्ता लाखनी, साकोली, देवरी करीत छत्तीसगढात उतरतो, आणि आपण ज्याला साटेलोटे म्हणतो त्याला तिकडे गुरांवट असे नाव आहे. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्यप्रांतातील जातिजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, त्यातही या चालीची नोंद आहे. या घरची मुलगी त्या घरी आणि त्या घरची या घरी, हे तिचे साधे रूप. पण एका घरी उपवर मुलगी असून दुसऱ्याच्या घरी तिच्या भावाजोगी मुलगी नसली, तर तिसरे घर शोधावे लागे. मग पहिल्याची मुलगी दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे आणि तिसऱ्याची पहिल्याकडे अशी रचना होई. या व्यवहारात मुलीची संमती बहुधा कोणी विचारीत नसे, आणि ही त्या चालीची सर्वांत दुःखद बाजू होय.

अशा अदलाबदलीविषयी अर्थशास्त्र्यांचे मत माझ्या प्रतिपादनाहून वेगळे पडते. जेव्हन्सने 1875 साली वस्तुविनिमयाची मुख्य अडचण सांगितली ती अशी, की माझ्याजवळचे तुला हवे असणे आणि तुझ्याजवळचे मला हवे असणे हा दुहेरी योग क्वचितच जुळतो, आणि नाणे ती अडचण दूर करते. या मतानुसार तिघाचौघांची अदलाबदल म्हणजे नाण्यापूर्वीच्या युगाचा अवशेष ठरतो. मला हे मान्य नाही. साटेलोटे करणाऱ्या कुटुंबांना रुपया ठाऊक होता, बाजार ठाऊक होता. हुंडा वा देज देण्याची ऐपत नव्हती किंवा देण्याची इच्छा नव्हती, म्हणूनच त्यांनी हा मार्ग पत्करला. पैशाला जेथे मज्जाव होतो, तेथेच हे वर्तुळ जन्म घेते, असा माझा सिद्धान्त आहे. मूत्रपिंडाच्या विक्रीस आपल्याकडे 1994 च्या कायद्याने बंदी घातली आणि 2011 च्या दुरुस्तीने ज्यांचे दाते जुळत नाहीत अशा कुटुंबांमधील अदलाबदलीस मुभा दिली, हा त्याच न्यायाचा दाखला.

बास्केटबॉल हा खेळ नेस्मिथने 1891 साली स्प्रिंगफील्ड येथे निर्माण केला, हे सर्वश्रुत आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे साल 1984 चे, कारण त्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर 36 लक्ष डॉलरची मर्यादा आली. पुढे ती रक्कम वाढत गेली, परंतु मर्यादेवर गेलेल्या संघाने जेवढ्या पगाराचा खेळाडू द्यावा त्याच्या आसपासच्याच पगाराचा घ्यावा हे बंधन कायम राहिले, आणि फरक रोकड्याने भागविण्याची वाट अरुंद झाली. दोघांचे आकडे जुळेनात, तेव्हा तिसऱ्याला मसलतीत घेणे भाग पडले. 2005 च्या ऑगस्टमध्ये पाच संघांनी 13 खेळाडू फिरविले; 2023 च्या करारनाम्याने सर्वांत खर्चिक संघांना दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेण्याची आणि सौद्यात रोख रक्कम देण्याची मनाई केली, आणि त्यानंतर लगेच 2024 च्या जुलैत क्ले थॉम्पसन या खेळाडूच्या निमित्ताने सहा संघ एकत्र आले. बंधन आवळले आणि वर्तुळ रुंदावले, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

प्रतिपक्षाजवळ एक भक्कम साक्षीदार आहे, तो बेसबॉल. तेथे पगाराची मर्यादा नसतानाही 1953 च्या फेब्रुवारीत चार संघांचा सौदा झाला होता. परंतु तेथे खेळाडू कराराने आपल्या संघाशी जखडलेला होता, स्वतःहून दुसरीकडे जाऊ शकत नव्हता. बंधन तेथेही होतेच, केवळ त्याची जागा वेगळी होती. शिवाय तो सौदा अपवाद राहिला.

या वर्तुळाचे गणित मात्र बास्केटबॉलपासून दूर सिद्ध झाले. शॅप्ली आणि स्कार्फ यांनी 1974 साली घरांच्या अदलाबदलीवर लिहिलेल्या लेखात डेव्हिड गेलने सुचविलेली एक रीत दिली आहे. प्रत्येकाने आपल्याला सर्वांत हव्या असलेल्या घराच्या मालकाकडे बोट दाखवावे. माणसे मोजकीच असल्याने कोठे ना कोठे बोटांचे वर्तुळ पुरे होतेच. त्यातील लोकांनी घरे बदलून बाजूस व्हावे आणि उरलेल्यांनी पुन्हा बोटे दाखवावीत. आमच्या जिल्ह्यातील शिक्षकांना हे सांगावे लागणार नाही. तुमसरच्या शिक्षकाला पवनी हवी, पवनीच्याला साकोली आणि साकोलीच्याला तुमसर, असे असता कोणत्याही दोघांची आपसी बदली जुळत नाही, तिघांची मात्र तत्काळ जुळते. जिल्हा परिषदेच्या बदल्यांत 'साखळी' हा शब्द रूढ आहे, आणि 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयानंतर बदली अधिकारप्राप्त शिक्षकाने जागा मागितली की तेथे बसलेल्याला 'खो' बसतो, हेही सर्वांच्या तोंडी आहे. नोकरीची जागा विकता येत नाही, सबब येथेही वर्तुळ.

एनबीएच्या नियमात तर हे वर्तुळ जणू लेखी मान्य झाले आहे: तीन वा अधिक संघांच्या सौद्यात प्रत्येक संघाची देवघेव निदान अन्य दोन संघांशी झाली पाहिजे. साटेलोट्यातील तीन घरांपैकी प्रत्येक घर एकाला देते व दुसऱ्याकडून घेते, तीच ही अट.

एक सोयरीक फिसकटली की बाकीच्याही डळमळतात, हा साटेलोट्याचा जुना धाक तेथेही आहे. 2023 च्या फेब्रुवारीत गोल्डन स्टेट, पोर्टलंड, डेट्रॉइट आणि अटलांटा यांचा सौदा ठरला. गॅरी पेटन पोर्टलंडहून गोल्डन स्टेटकडे, जेम्स वाइजमन तेथून डेट्रॉइटकडे, सद्दीक बे डेट्रॉइटहून अटलांटाकडे आणि पोर्टलंडच्या पदरी निवडहक्क, अशी तजवीज होती. वैद्यकीय तपासणीत पेटनची दुखापत उघड झाली, आणि त्याच्या पायी वाइजमन व बे हेही काही दिवस अधांतरी राहिले, कारण एक धागा तोडायचा तर सारा करारच रद्द करावा लागणार होता. अखेर गोल्डन स्टेटने दुखापतीसह पेटनचा स्वीकार केला, आणि मगच वाइजमनला डेट्रॉइटकडून खेळता आले.