नाव बदलले आणि बातमी झाली : 'ओपन सोर्स'चे १९९८ साल

१९९८ च्या आरंभी जगातील सुमारे निम्मी संकेतस्थळे 'अपाची' या सॉफ्टवेअरवर चालत होती. इंटरनेटवरील ईमेलचा मोठा भाग 'सेंडमेल'मधून जात होता. संकेतस्थळाच्या नावावरून योग्य संगणक शोधून देण्याचे काम बहुतांशी 'बाइंड' करीत असे. या तिन्हींचा सोर्स कोड कोणालाही वाचता येई, बदलता येई. आणि तरीही अमेरिकेतील मोठ्या वृत्तपत्रांच्या लेखी सॉफ्टवेअर म्हणजे मायक्रोसॉफ्ट, आणि फार तर तिच्याशी झुंजणारी नेटस्केप. ज्या यंत्रणेतून वार्ताहरांचा स्वतःचा ईमेल रोज ये-जा करीत होता, ती यंत्रणा बातमीचा विषय नव्हती.

यामागे एका शब्दाची अडचण होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन' स्थापन केले. त्यांना अभिप्रेत असलेले 'फ्री' म्हणजे वापरणाऱ्याचे स्वातंत्र्य. मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन निराळे शब्द आहेत. इंग्रजीत दोन्हींना एकच. कंपनीच्या व्यवस्थापकाला त्यातला 'फुकट' तेवढा ऐकू येई, आणि फुकटच्या वस्तूवर कोट्यवधींचा कारभार सोपवायला तो धजत नसे.

२२ जानेवारी १९९८ रोजी नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा केली. त्या निर्णयावर एरिक रेमंड यांच्या 'द कॅथीड्रल अँड द बझार' या निबंधाचा प्रभाव होता. वृत्तपत्रांचे लक्ष प्रथमच या विषयाकडे वळले होते. ते टिकवायचे तर हाताशी काही आठवडेच होते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सिलिकॉन व्हॅलीत काही जण या विचारासाठी एकत्र जमले. त्यांत 'फोरसाइट इन्स्टिट्यूट'च्या क्रिस्टिन पीटरसन होत्या. 'ओपन सोर्स' हा शब्दप्रयोग त्यांनी आधीच योजला होता. जनसंपर्क क्षेत्रातील एका परिचिताला तो फारसा रुचला नव्हता; 'ओपन' हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे, असे त्याचे मत पडले. बैठकीतही पीटरसन यांनी तो थेट मांडला नाही. त्यांचे सहकारी टॉड अँडरसन यांनी बोलण्याच्या ओघात तो सहज वापरला, आणि थोड्याच वेळात इतरांच्या तोंडीही तो आला. युक्ती लहानशी होती, पण पुढचे सारे तिच्यावर उभे राहिले.

त्याच महिन्यात रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी 'ओपन सोर्स इनिशिएटिव्ह' स्थापन केले. रेमंड यांचे धोरण रोखठोक होते. तोपर्यंत प्रसार खालून वर होत असे : एखादा अभियंता आपल्या कचेरीत गुपचूप लिनक्स बसवी आणि वरिष्ठांना ते कळेल तेव्हा कळे. रेमंड यांनी हा क्रमच उलटा केला. सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांचे प्रमुख गाठायचे, आणि त्यासाठी ते प्रमुख जे वाचतात ते गाठायचे : 'न्यूयॉर्क टाइम्स', 'वॉल स्ट्रीट जर्नल', 'इकॉनॉमिस्ट', 'फोर्ब्ज'. मुख्य उदाहरण म्हणून एकच गोष्ट पुढे करायची, ती म्हणजे लिनक्स. पत्रकाराला चळवळीचे तत्त्वज्ञान नको असते, त्याला माणूस आणि गोष्ट हवी असते, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

माणसे पुरवली टिम ओरायली यांनी. ७ एप्रिल १९९८ रोजी पालो अल्टो येथे त्यांनी लिनक्सचे लिनस टॉरव्हाल्ड्स, पर्लचे लॅरी वॉल, पायथनचे गिडो व्हॅन रॉसम, सेंडमेलचे एरिक ऑलमन, अपाचीचे ब्रायन बेलेनडॉर्फ अशा मंडळींना एकत्र आणले. नावावर मतदान झाले, 'ओपन सोर्स'ला कौल मिळाला आणि लगेच पत्रकार परिषद झाली. विखुरलेली, परस्परांशी संबंध नसलेली वाटणारी ही सॉफ्टवेअर एकाच नावाखाली पत्रकारांसमोर उभी राहिली. स्टॉलमन यांना मात्र निमंत्रण नव्हते.

ऑगस्टमध्ये टॉरव्हाल्ड्स 'फोर्ब्ज'च्या मुखपृष्ठावर झळकले. ऑक्टोबरअखेर मायक्रोसॉफ्टचे एक अंतर्गत टिपण रेमंड यांच्या हाती लागले. ओपन सोर्समुळे आपल्या उत्पन्नाला थेट धोका आहे आणि त्याचा दर्जा व्यापारी सॉफ्टवेअरची बरोबरी करू शकतो, अशी कबुली त्यात होती. रेमंड यांनी स्वतःचे शेरे जोडून ते प्रसिद्ध केले. मायक्रोसॉफ्टने ते खरे असल्याचे मान्य केले. प्रतिस्पर्ध्याने दिलेल्या या प्रशस्तिपत्राइतकी जाहिरात दुसऱ्या कशानेही झाली नसती. पुढचे वर्ष शेअर बाजाराचे ठरले. ९ डिसेंबर १९९९ रोजी 'व्हीए लिनक्स'चा ३० डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी २३९.२५ डॉलरवर बंद झाला.

या यशाची किंमतही होती. स्टॉलमन यांचा आक्षेप असा की, 'ओपन सोर्स' हे सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचे नाव आहे. वापरणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न त्यातून गळून पडतो. हा आक्षेप हटवादी म्हणून बाजूला सारला गेला, पण तो चुकीचा नव्हता. अर्थपानांवर दर्जा, खर्च आणि नफा यांची चर्चा झाली; स्वातंत्र्याला तिथे फारशी जागा मिळाली नाही. संस्थापक पेरेन्स यांनीच फेब्रुवारी १९९९ मध्ये, म्हणजे अवघ्या वर्षभरात, संस्था सोडली आणि पुन्हा 'फ्री सॉफ्टवेअर'विषयी बोलण्याची वेळ आली आहे, असे जाहीरपणे लिहिले. मराठीत या संकल्पनेला 'मुक्त स्रोत' हा प्रतिशब्द रूढ झाला. स्टॉलमन यांचा 'मुक्त' आणि पीटरसन यांचा 'स्रोत' त्यात नकळत शेजारी येऊन बसले आहेत.

वृत्तपत्रांनी टॉरव्हाल्ड्स आणि रेमंड यांना घरोघरी नेले. पीटरसन यांनी त्या बैठकीची स्वतःची हकीकत सविस्तर प्रसिद्ध केली ती २०१८ मध्ये, वीस वर्षांनंतर.