पंचाचें देशाटन

अमुक राष्ट्राला विनोदबुद्धि आहे व तमुक राष्ट्राला ती नाहीं, असें विधान करणारे लेखक प्रत्येक देशांत आढळतात. आणि मौज ही कीं, विनोदी राष्ट्रांच्या यादींत लेखकाचें स्वतःचें राष्ट्र बहुधा पहिलें असतें. इंग्रजांनीं जर्मनांस रुक्ष म्हणावें, फ्रेंचांनीं इंग्रजांस मंद म्हणावें, आणि या सर्वांनीं मिळून पौर्वात्यांस हसतांच येत नाहीं असा निकाल देऊन मोकळें व्हावें, हा प्रकार एकोणिसाव्या शतकांत इतका रूढ झाला होता कीं, आमच्याकडील सुशिक्षितांपैकीं कित्येकांस तो खराच वाटूं लागला. वास्तविक ज्या देशांत भरताच्या नाट्यशास्त्रानें हास्याला आठ रसांत स्थान दिलें, स्मितापासून अतिहसितापर्यंत त्याचे सहा भेद केले, आणि उत्तम, मध्यम व अधम अशा तिन्ही प्रकृतींस त्यांतले दोन दोन वांटून दिले, त्या देशाला हास्य ठाऊक नव्हतें असें म्हणणें धाडसाचेंच होय. मात्र या वांटणींतली एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. थोरानें किती दांत दाखवावे व हलक्यानें किती, याचाही विचार तींत केलेला आहे. हास्य हें माणसाच्या दर्जाशीं बांधलेलें असतें हें भरतानें ओळखलें होतें. पुढील विवेचनांत त्याचा आम्हांस उपयोग होईल.

हास्य देशोदेशीं निराळें कां होतें, हा प्रश्न लोकस्वभावाच्या मोघम वर्णनानें सुटत नाहीं. एकच वस्तु अनेक देशांत जावी, आणि प्रत्येक ठिकाणीं तिचें काय झालें हें आपणांस पाहावयास मिळावें, तर कांहीं हातीं लागण्याचा संभव. सुदैवानें अशी एक वस्तु इतिहासानें तयार ठेविली आहे. ती म्हणजे लंडनचें ‘पंच’ हें साप्ताहिक.

‘पंच’चा पहिला अंक १७ जुलै १८४१ रोजीं निघाला. हेन्री मेह्यू, मार्क लेमन आणि लांकडी ठसे खोदणारा एबेनेझर लँडेल्स हे त्याचे प्रमुख प्रवर्तक. हें पत्र इंग्रजी विनोदाचा आदर्श म्हणून पुढें मिरवलें खरें. परंतु त्याच्या मस्तकावर ‘लंडनचें शारिवारी’ असें उपनांव छापलेलें असे, आणि ‘शारिवारी’ हें पॅरिसचें पत्र होतें. म्हणजे अस्सल इंग्रजी समजला जाणारा हा विनोद जन्मतःच अर्धा परका होता. खुद्द ‘पंच’ या पात्राचें कूळही इटलीचें. पुल्चिनेल्ला नांवाचा तिकडील नाटकांतला बांकड्या नाकाचा विदूषक बाहुल्यांच्या खेळाबरोबर लंडनला आला, व १६६२ सालीं सॅम्युएल पेपीस यानें कॉव्हेंट गार्डनमध्यें तो खेळ पाहिल्याची नोंद आहे. इंग्रजी बाहुल्यांतला हा पंच बायकोला बडवतो, मुलाला फेंकून देतो, आणि अखेर फांशी देणाऱ्यासच फांशीं लटकावतो. अशा इसमाचें नांव आपल्या पत्रास देण्याला इंग्रजांस संकोच वाटला नाहीं, हें आमच्या वाचकांनीं मनांत ठेवावें.

पॅरिसच्या ‘शारिवारी’ची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. विजोड लग्न लावणाऱ्याच्या दारांत गांवकऱ्यांनीं रात्रीं भांडीं बडवून जो गोंगाट करावयाचा त्याला फ्रेंचांत शारिवारी म्हणतात. आमच्या शिमग्याचा हा दूरचा भाऊबंदच. शार्ल फिलिपाँ यानें १८३२ सालीं हें दैनिक काढलें. तत्पूर्वीं १८३१ सालीं राजाच्या अवमानाबद्दल त्याच्यावर खटला झाला, तेव्हां त्यानें न्यायाधीशांपुढें चार चित्रें काढून दाखविलीं. पहिल्यांत लुई फिलिप राजाचा चेहरा, पुढच्या दोहोंत तो क्रमाक्रमानें बदललेला, आणि चवथ्यांत निव्वळ नासपती. यांतलें कोणतें चित्र गुन्हा, असा त्याचा सवाल होता. न्यायाधीश हसले असल्यास कोण जाणे, त्यांनीं शिक्षा मात्र दिली. आणि त्यानंतर पॅरिसच्या भिंतींवर जिकडे तिकडे नासपती दिसूं लागली. ओनोरे दोमिए या चित्रकारास राजाला खादाड राक्षसाच्या रूपानें रंगविल्याबद्दल १८३२ सालीं सहा महिन्यांची सजा झाली. पुढें १८३५ च्या कायद्यानें पूर्वपरवानगीवांचून चित्र प्रसिद्ध करण्यास बंदी झाली, आणि दोमिएनें आपली लेखणी राजावरून वकील, डॉक्टर, घरमालक व त्यांच्या बायका यांजकडे वळविली. फ्रेंच विनोद समाजाच्या रीतिभातींवर कसा बारकाईनें हसतो याचें कौतुक करणाऱ्या टीकाकारांनीं, त्या बारकाईंत कायद्याचा वांटा किती, याचाही हिशेब करावा असें आम्हांस वाटतें.

लंडनांत असा कायदा नव्हता. तेथें ‘पंच’वर वाचकवर्गाचें बंधन पडलें, आणि तें कायद्याहून मऊ पण अधिक चिवट ठरलें. आरंभीं हें पत्र गरिबांच्या बाजूनें दांत खाणारें होतें. पार्लमेंटच्या नव्या इमारतींतील भित्तिचित्रांचे भव्य आराखडे १८४३ सालीं प्रदर्शनांत मांडले गेले. त्या आराखड्यांस ‘कार्टून’ म्हणत. उपाशी लोकांना चित्रें दाखविणाऱ्या या सरकारची थट्टा म्हणून जॉन लीच यानें आपल्या चित्रासही ‘कार्टून’ हेंच नांव दिलें, आणि शब्दाचा अर्थ कायमचा फिरला. पण पुढें पत्र बैठकीच्या दालनांत जाऊन बसलें, आणि त्याचें हास्यही बैठकीचें झालें. जॉर्ज द्यु मोरिए याचें १८९५ मधील चित्र प्रसिद्धच आहे. बिशपच्या टेबलावर बसलेल्या दुय्यम पाद्र्याच्या वांट्यास नासकें अंडें येतें. बिशप तसें म्हणतो, तेव्हां तो बिचारा त्या अंड्याचे कांहीं भाग उत्तम असल्याची ग्वाही देतो. आमच्या वर्गांत हें चित्र समजावून सांगतांना एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, ‘त्यानें तें अंडें टाकून कां दिलें नाहीं?’ प्रश्न मार्मिक होता. अंडें टाकून देतां येत नाहीं, हीच त्यांतली सगळी गंमत. आणि ज्याला बिशप व दुय्यम पाद्री यांमधील अंतर ठाऊक नाहीं त्याला ती कितीही सांगितली तरी नासक्या अंड्यापलीकडे कांहीं दिसावयाचें नाहीं. मात्र मामलेदारापुढें बसलेला कारकून कल्पिला कीं वर्ग हसतो.

आतां हा पंच हिंदुस्थानांत येतो. लंडनच्या ‘पंच’ला हिंदुस्थान दिसे तो वाघाच्या रूपानें किंवा बाबूच्या रूपानें. १८५७ च्या ऑगस्टांत जॉन टेनिएल यानें बंगालच्या वाघावर झेंप घालणारा ब्रिटिश सिंह काढला. पुढें चाळीस वर्षांच्या आंत वाघ माणसाळला, व एफ. अँस्टी याचा बाबू जॅबरजी, बी.ए., ‘पंच’च्या पानांतून आपलें अगडबंब इंग्रजी पाजळूं लागला. या जॅबरजीवर आम्हां बी.ए. वाल्यांनीं रागवावें कीं हसावें, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. त्याचें इंग्रजी हास्यास्पद आहे यांत संशय नाहीं. पण परक्याच्या भाषेंत परीक्षा देऊन पास होणें ज्याच्या पोटापाण्याची अट झाली, त्याच्या चुकांवर परीक्षकाच्याच जातीच्या माणसानें हसणें, हा विनोद भरताच्या वांटणींत उत्तम प्रकृतीच्या खात्यावर जमा करतां येईल असें वाटत नाहीं.

मुंबईंत १८५४ सालींच ‘पारसी पंच’ निघाला होता. बरजोरजी नवरोजी यांच्या हातीं तो भरभराटीस आला, व पुढें त्याचेंच ‘हिंदी पंच’ असें नामांतर झालें. इंग्रजी व गुजराती अशा दुहेरी मजकुराचें हें पत्र. यांतला पंच गोऱ्या बाहुल्याचा वेष टाकून ‘पंचोबा’ झाला. थट्टेच्या देवाला ‘बा’ लावून वडीलकीचा मान देणें हें आमच्याच मुलखांत व्हावयाचें. पंचोबाची थट्टा मवाळ असे. एका हातानें सरकारास चिमटा व दुसऱ्यानें मुजरा, ही कसरत त्याला साधली होती. आणि १८७० सालीं दंडसंहितेंत राजद्रोहाचें १२४ अ हें कलम घातलें गेल्यावर ती न साधणाऱ्याचें काय होई हें सांगावयास नको.

या नांवाचें मराठींत काय झालें हें तर पाहण्यासारखेंच आहे. ठाण्याहून ‘हिंदुपंच’ निघूं लागला, तेव्हां तें नांव ऐकून कोणाही मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें बायकोला बडवणारा बाहुला उभा राहिला नसेल. त्याला दिसले असतील ते पारावर बसलेले गांवचे पंच. पांचामुखीं परमेश्वर म्हणतात ते. एका उच्चारसादृश्यानें विदूषकाचा न्यायाधीश झाला! आमच्या मतें हा केवळ शब्दाचा अपघात नव्हे. त्या काळचा मराठी उपहास वाचतांना कोणीतरी निवाडा देत आहे असा भास वारंवार होतो. सुधारक असो वा सनातनी, तो प्रतिपक्षाला हसत नाहीं, दंड करतो. १९०८ सालीं टिळकांस शिक्षा झाल्यावर या ‘हिंदुपंचा’नें गोपाळ कृष्ण गोखल्यांविषयीं जो मजकूर छापला त्याबद्दल गोखल्यांना अब्रुनुकसानीची फिर्याद करावी लागली, व निकाल त्यांच्या बाजूनें झाला. पंचांनाच कोर्टांत उभें राहावें लागलें.

याचा अर्थ मराठी माणसाला दुसरें हास्य ठाऊक नव्हतें असा मात्र नाहीं. तमाशांतला सोंगाड्या राजाची, प्रधानाची व स्वतःची अशी तिघांचीही फजिती करीत आलेला आहे; छापखान्याच्या दारांत त्याला कोणी येऊं दिलें नाहीं एवढेंच. जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहिलें, त्यांत कुणब्याच्या गरोदर बायकोस भीति घालून लुबाडणारा जोशी आहे, आणि त्याची लबाडी प्रेक्षकांस उघड करून दाखविणारा विदूषक आहे. संस्कृत नाटकांत हा विदूषक ब्राह्मण, राजाचा मित्र आणि मोदकांचा भुकेला. फुल्यांनीं त्याला राजवाड्यांतून काढून कुणब्याच्या अंगणांत उभें केलें, आणि त्याचें पोट जाऊन त्याला जीभ आली. दक्षिणा प्राइझ कमिटीनें तें नाटक नाकारलें. फुल्यांच्या हयातींत तें छापलेंही गेलें नाहीं. मराठी विनोदाचा इतिहास १९०२ सालीं ‘विविधज्ञानविस्तारां’त आलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या लेखापासून सुरू करण्याची आमच्याकडे वहिवाट आहे. कोल्हटकरांची थोरवी आम्हांस मान्य आहे. ढोंग्याच्याच तोंडून ढोंगाचें समर्थन वदवून घेण्याची त्यांची हातोटी अपूर्व होय. तथापि आधींच्या सत्तेचाळीस वर्षांची ही थप्पी कोणी सोडवीत नाहीं. स्वतःकडे पाहून हसणारा मराठी गृहस्थ तर १९३३ च्या ‘चिमणरावांच्या चऱ्हाटा’पर्यंत छापील पानांवर पुरता स्थिरावला नव्हता; आणि त्याचे जनक चिं. वि. जोशी हे बडोद्यास पाली शिकवीत, हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. जातककथांतल्या प्राण्यांशीं ज्याचा नित्य सहवास त्याला माणसाची फजिती क्षमाशील नजरेनें पाहतां येते.

लखनौस १८७७ सालीं मुन्शी सज्जाद हुसेन यांनीं ‘अवध पंच’ काढला. नबाबी बुडून वीस वर्षें झालेलीं; शहराजवळ उरली होती ती भाषा. अकबर इलाहाबादींसारखा कवि त्यांत लिही, जो पोटासाठीं इंग्रजांचा न्यायाधीश व लेखणीनें इंग्रजी थाटाचा वैरी होता. अलीगढच्या सर सय्यद अहमदांच्या सुधारणांवर या पत्रानें जो मारा केला तो पुष्कळदां अन्यायाचा होता. पण लखनवी श्लेषाची धार अशी कीं जखम दुसऱ्या दिवशीं कळावी. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांचा देशी भाषांतील पत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आला, तेव्हां दुहेरी बोलणें हा लखनौचा शौक राहिला नाहीं, संरक्षणाचें साधन झालें.

आणि याच १८७७ सालीं टोकियोंत नोमुरा फुमिओ या ब्रिटनमध्यें शिकून आलेल्या गृहस्थानें ‘मारुमारु चिंबुन’ हें थट्टेचें पत्र काढलें. दोन शहरांस एकमेकांची वार्ताही नसावी. परंतु जपानांतही १८७५ सालीं वृत्तपत्रांवर व बदनामीवर कडक कायदे झाले होते, आणि तेथील भाषेंतही एका उच्चाराला अनेक अर्थ असल्यामुळें श्लेषाची पूर्वापार चैन होती. ‘मारु’ म्हणजे वर्तुळ. सरकारास न रुचणारीं अक्षरें गाळून त्यांच्या जागीं वर्तुळें छापण्याची जी चाल पडली होती तिच्यावरून हें नांव घेतलें. गाळलेल्या जागा हेंच ज्या पत्राचें शीर्षक त्याला कोणता अधिकारी काय गाळावयास सांगणार?

जपानांत पंच आधींच पोंचला होता. चार्ल्स वर्गमन या इंग्रज चित्रकारानें १८६२ सालीं योकोहामास ‘जपान पंच’ सुरू केला, तो १८८७ पर्यंत चालला. तो तेथील परदेशी वसाहतीकरितां होता. पण जपानी चित्रकारांनीं तो पाहिला. १८७४ सालीं कावानाबे क्योसाइ व कानागाकी रोबुन यांनीं जें सचित्र पत्र काढलें त्याचें नांव ‘निप्पोंची’, म्हणजे निप्पोन आणि पंच यांचा जोडसाखरा. यांपैकीं क्योसाइ हा मेजवानींत मद्याच्या धुंदींत काढलेल्या एका व्यंगचित्रापायीं १८७० सालीं तुरुंगांत जाऊन आलेला होता; दोमिएचा हा जपानी गुरुबंधूच म्हणावयाचा. थट्टेच्या चित्राला जपानींत ‘पोंची-ए’, पंचाचें चित्र, म्हणूं लागले. पुढें ‘मांगा’ या शब्दानें ती जागा घेतली.

लंडनचा ‘पंच’ १९९२ सालीं बंद पडला, १९९६ त पुन्हां निघाला, आणि २००२ सालीं कायमचा थांबला. जपानांत मात्र त्याचें नांव अजून चालतें. तेथील यंत्रशास्त्रज्ञ कच्च्या आराखड्यास, आणि सरकारी कचेऱ्यांतले अधिकारी एखादी योजना एका पानावर समजावून सांगणाऱ्या आकृतीस, ‘पोंची-ए’ म्हणतात. आणि ती वरिष्ठांपुढें ठेवतांना कोणी हसत नाहीं.