विंचवाच्या विषाचा उतारा

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांसमोर उभ्या राहतात. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या आम्हांला मात्र वाटते की, ज्या शोधांनी कष्टकऱ्याचा जीव वाचवला त्यांचाही इतिहास सांगितला गेला पाहिजे. तांबड्या विंचवाच्या विषावरील उपचार हा असाच एक शोध, आणि तो आपल्या महाराष्ट्रात लागला.

आमचे शिक्षण शाळेत थोडे व वाचनालयात अधिक झाले; तेव्हा शास्त्र आम्ही आमच्या भाषेत मांडतो. पेशीच्या अंगावर सूक्ष्म कुलपे असतात. त्यांना ‘ग्राहक’ म्हणतात. शरीरातील काही रस म्हणजे त्यांच्या किल्ल्या. किल्ली लागली की पेशी कामाला लागते. इंग्लंडात लँगले यांनी १९०५ साली ही कल्पना मांडली. १९४८ साली अमेरिकेत आल्क्विस्ट यांनी ॲड्रेनॅलिनच्या ग्राहकांचे अल्फा व बीटा असे दोन वर्ग केले. दुसरी वाट प्रतिपिंडांची. धनुर्वाताविरुद्ध तयार केलेल्या जनावराच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारे द्रव्य असते, हे बेहरिंग व कितासातो यांनी १८९० साली बर्लिनमध्ये दाखवले. घोड्याच्या रक्तापासून सर्पदंशाची लस होते ती याच तत्त्वावर.

ही विद्या ग्रंथांत होती. खेड्यातल्या मजुराच्या खाटेपर्यंत ती पोचली नव्हती. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रावर रुजू झाले. जालन्याकडील देहेड गावच्या गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा नागपुरास डॉक्टर झालेला. त्या काळी तांबड्या विंचवाच्या विषाने गंभीर झालेल्या शंभर रोग्यांपैकी तीस-चाळीस दगावत. बावस्करांनी खाटेशी बसून टिपणे ठेवली: उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, पुढे फुफ्फुसांत साचणारे पाणी. १९८२ साली ही निरीक्षणे लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली.

टिपणांतून उलगडा झाला. विषामुळे ॲड्रेनॅलिनसारखे रस रक्तात उसळतात, अल्फा ग्राहकांवर तुटून पडतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकते. मग ते कुलूपच अडवून धरले तर? प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी नेमके हेच करते. १९८६ साली त्यांनी तिचा गुण ‘लॅन्सेट’मध्येच मांडला. पुढे मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी महाडला दोन्ही वाटा एकत्र आणल्या. सत्तर रोग्यांपैकी निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळीबरोबर प्रतिपिंडांची लसही दिली. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात पस्तिसांपैकी आठ, दुसऱ्यात बत्तीस! २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता कोणी विचारील, कोकणच्या विंचवाचे यवतमाळला काय? संबंध आहे, आणि तो जिव्हाळ्याचा आहे. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले. फवारणीच्या काही विषांची गाठही ग्राहकांशीच असते. कुलपातली किल्ली काढून घेणारे द्रव्य ती बंद पाडतात. कुलूप उघडेच राहते. म्हणून घाम, लाळ, कोंडलेला श्वास. ॲट्रोपिनचे इंजेक्शन यांतले काही ग्राहक अडवून धरते. परंतु सर्वच विषांवर त्याचा उपयोग नाही. पंपात मिश्रण असेल तर कोणते विष अंगात गेले हे डॉक्टरला सांगणारा कोणी तरी हवा.

बावस्करांच्या हाती प्रारंभी मोठी प्रयोगशाळा नव्हती, वही होती. आपण मजुरांच्या कामाची हजेरी लिहून घ्यायला शिकलो, कारण लिहिल्यावाचून मजुरी बुडते. तशीच फवारणीचीही हजेरी लिहिली गेली पाहिजे: कोणते औषध, किती वाजता, कोणाच्या पाठीवर पंप, प्रथम काय होऊ लागले. मालकाने ती लिहावी, संघटनेने ती मागावी. मजुराचा जीव मजुरीहून स्वस्त नाही.