मच्छरदाणीचा तुकडा आणि न मारलेला खिळा

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे गाव खानदेशाला ठाऊक आहे ते मिरचीच्या बाजारामुळे. हर्नियावर काम करणाऱ्या जगभरच्या शल्यचिकित्सकांना मात्र ते वेगळ्याच कारणाने परिचित आहे. आजचा धागा त्याविषयी.

जांघेतील अंतर्गळ, म्हणजे हर्निया, औषधाने बरा होत नाही. पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेतून आतडे बाहेर येते आणि ते तेथेच अडकून पिळले गेले, तर जिवावर बेतते. पादुआचे एदुआर्दो बास्सिनी यांनी 1887 मध्ये ही जागा टाक्यांनी पक्की करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पण ओढून शिवलेले स्नायू ताणाखाली पुन्हा सुटत. 1958 मध्ये अमेरिकेतील फ्रान्सिस अशर यांनी पॉलिएथिलीनची विणलेली जाळी वापरली. पुढे पॉलिप्रॉपिलीन आले. 1989 मध्ये लॉस एंजेलिसचे आयर्विंग लिश्टेनस्टाइन व सहकाऱ्यांनी एक हजार रुग्णांचा अनुभव मांडला: स्नायू ओढायचेच नाहीत, वर जाळीचे ठिगळ लावायचे. उत्तम उपाय, अडचण एकच, ठिगळ महाग होते. मजुरी बुडवून शस्त्रक्रियेला आलेल्या माणसाला ते कोठून परवडणार?

दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी जाळीच्या नावाकडे न पाहता तिच्या धाग्याकडे पाहिले. बाजारात मिळणाऱ्या एका मच्छरदाणीचे कापड पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांच्याच मिश्रणाचे होते, म्हणजे अशर यांच्या जाळीच्याच कुळातले. ते कापून, स्वच्छ धुऊन, निर्जंतुक करून त्यांनी वापरले. निरनिराळ्या ठिकाणच्या शल्यचिकित्सकांचा एकत्रित अनुभव 2003 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध झाला. (कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी यासाठी नव्हे, आणि घरची तर नव्हेच!) खरी मेख निर्जंतुकीकरणात होती. पॉलिएथिलीन फार उष्णता सोसत नाही, म्हणून ऑटोक्लेव्हचे तापमान 121 अंशांवर राखावे लागते. 134 अंशांच्या नेहमीच्या आवर्तनात कापडाचा आकारच बिघडेल.

शंका घेणारे पुष्कळ होते, आणि ते चूक नव्हते. शरीरात कायमची राहणारी वस्तू केवळ स्वस्त आहे म्हणून स्वीकारता येत नाही. उत्तर युगांडातून आले. तेथील व स्वीडनच्या संशोधकांनी 302 पुरुषांवर यादृच्छिक चाचणी केली. निम्म्यांना महागडी जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीची. एका वर्षानंतर स्वस्त जाळीच्या गटात केवळ एकाचा हर्निया परतला, दुसऱ्या गटात कोणाचाही नाही. हा फरक लक्षणीय ठरला नाही. 2016 मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले.

ही सारी उघडी शस्त्रक्रिया; तिच्यात जाळी साध्या टाक्यांनी बसते. 1990 नंतर दुर्बिणीची पद्धत रुळली आणि खर्चाचे नवे दार उघडले. उदरावरणाच्या बाहेर ठेवलेली जाळी सरकेल या भीतीने ती टॅकर नावाच्या, एकदाच वापरायच्या उपकरणाने धातूच्या बारीक मळसूत्रांनी ठोकली जाऊ लागली. किंमत जाळीला मागे टाकी, आणि मळसूत्र चुकून मज्जातंतूवर बसले तर मांडीत वेदना कायमची मुक्कामाला येई.

वस्तुतः फ्रान्समधील रेने स्तोप्पा यांनी उघड्या शस्त्रक्रियेत कधीच दाखवले होते, की जाळी पुरेशी मोठी असेल तर पोटाचा आतील दाबच तिला भिंतीशी धरून ठेवतो. दुर्बिणीतही तेच खरे ठरले. पुढे तुलनात्मक चाचण्या झाल्या, आणि 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितले की उदरावरण न उघडता केलेल्या दुर्बीण-शस्त्रक्रियेत जाळी ठोकण्याची गरज बहुतेकदा नसतेच. अपवाद आतील बाजूच्या मोठ्या हर्नियाचा. तेथे जाळी भोकात घुसू शकते, म्हणून ती बांधावी. बाकी रुग्णांसाठी सर्वांत स्वस्त खिळा म्हणजे न मारलेला खिळा, आणि त्याचे बिल कोणीच लावत नाही.